अमेरिकेत मसाज थेरपिस्ट व्हायचंय? आधी राज्य ठरवा, मग शाळा, मग परीक्षा

न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया, जिथे जिथे मराठी घरं दाटीने आहेत तिथे बाळ-बाळंतिणीच्या मालिशीला माणूस हवा असतो आणि तो मिळत नाही. दुसरीकडे ज्यांच्या हातात ही कला आहे अशा बायका त्याच गावांत घरी बसून असतात. कुणी बीएएमएस होऊन पंचकर्म केलेलं असतं, कुणी फिजिओथेरपिस्ट असतं, कुणी आईकडून नि आजीकडून अंग चोळायला शिकलेलं असतं. ‘हे इथे करता येईल का?’ असं त्या विचारतात, आणि उत्तर बहुतेक वेळा ऐकीव मिळतं. ‘घरच्या घरी चालतं’, ‘रोख घेतले तर कोण विचारतंय’, ‘ऑनलाइन सर्टिफिकेट पुरतं’. ही तिन्ही उत्तरं माणसाला अडचणीत आणणारी आहेत. खरी वाट थोडी लांबची आहे, पण ती साधी आहे आणि नीट क्रमाने गेलं तर वर्षभरात पार होते. हा लेख त्या क्रमाबद्दल आहे.

आधी कायदा कशाला मसाज म्हणतो ते समजून घ्या

अमेरिकेत मसाजचं केंद्र सरकारचं लायसन्स नाही. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, नियम वेगळे, आणि कारभार बघणारं खातंही वेगळं. न्यूयॉर्कमध्ये हे काम राज्याच्या शिक्षण खात्याकडे आहे, फ्लोरिडात आरोग्य खात्याकडे, ओहायोत डॉक्टरांवर देखरेख करणाऱ्या स्टेट मेडिकल बोर्डाकडे, व्हर्जिनियात चक्क नर्सिंग बोर्डाकडे. टेक्सासमध्ये २०१७ च्या नोव्हेंबरपासून ते लायसन्स देणाऱ्या मध्यवर्ती खात्याकडे, म्हणजे टीडीएलआरकडे आलं. त्यामुळे ‘अमेरिकेत असं असतं’ अशा वाक्यावर कधीच विसंबू नका. ‘आमच्या राज्यात असं आहे’ एवढंच वाक्य कामाचं.

व्याख्या मात्र राज्याराज्यांत बऱ्याच मिळत्याजुळत्या आहेत. अंगाच्या मऊ भागांना, म्हणजे स्नायू आणि त्यांच्या आवरणांना, हाताने दाबणं, चोळणं, मळणं, थोपटणं, ताणणं, त्यासोबत तेल किंवा शेक वापरणं, आणि हे सगळं मोबदला घेऊन करणं, म्हणजे मसाजचा व्यवसाय. आता अभ्यंग डोळ्यांपुढे आणा. तेल आहे, चोळणं आहे, शेक आहे. नाव संस्कृत असलं तरी कायद्याच्या नजरेत तो मसाजच. आयुर्वेदाचं लायसन्स अमेरिकेतलं कुठलंच राज्य देत नाही, त्यामुळे ‘मी आयुर्वेदाची आहे, मला मसाजचा कायदा लागू होत नाही’ हा बचाव टिकत नाही. मोबदला म्हणजे नुसते डॉलर असंही नाही. बदल्यात घेतलेली वस्तू किंवा सेवासुद्धा अनेक राज्यं मोबदल्यातच मोजतात.

आपल्या घरातल्या माणसांना मालीश करायला अर्थातच कुणाची परवानगी लागत नाही. लेकीच्या बाळंतपणाला आलेली आई नातवाला न्हाऊमाखू घालते, तो संसार आहे, व्यवसाय नाही. पण हीच आई व्हिजिटर व्हिसावर असताना शेजारच्या दोन घरी पैसे घेऊन जाऊ लागली, तर एकाच वेळी दोन कायदे मोडले जातात, मसाजचा आणि व्हिसाचा. प्रेमापोटी सुरू झालेली गोष्ट इथे पोचू नये म्हणून हे सगळ्यांत आधी सांगते आहे.

शिक्षा किती होते? फ्लोरिडात विनालायसन्स मसाज हा फौजदारी गुन्हा आहे. न्यूयॉर्कमध्ये परवाना लागणारा कुठलाही व्यवसाय विनापरवाना करणं हा ‘क्लास ई फेलनी’, म्हणजे गंभीर दर्जाचा गुन्हा धरतात. नागरिकाला हे महागात पडतं, आणि ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्या माणसाला त्याहून कितीतरी महागात. हे लक्षात ठेवूनच पुढे वाचा.

पहिली पायरी: राज्य ठरवा, आणि नदीच्या पलीकडचंही राज्य बघा

सगळ्यांत जास्त नुकसान इथे होतं. माणूस घराजवळची शाळा बघतो, फी भरतो, पाच-सहा महिने मान मोडून शिकतो, आणि मग कळतं की जिथे काम करायचं आहे तिथे हे शिक्षण पुरत नाही.

तास बघा. टेक्सास, फ्लोरिडा, न्यू जर्सी, जॉर्जिया, व्हर्जिनिया इथे किमान ५०० तासांचं शिक्षण लागतं. इलिनॉय आणि पेनसिल्व्हेनियात ६००. मॅसॅच्युसेट्समध्ये ६५०. न्यूयॉर्कमध्ये थेट १०००. म्हणजे जर्सी सिटीत राहून ५०० तास पूर्ण करणारी थेरपिस्ट न्यू जर्सीत कुठेही काम करू शकते, पण हडसन नदी ओलांडून मॅनहॅटनमध्ये टेबल लावू शकत नाही. एडिसन किंवा जर्सी सिटीत राहून पुढेमागे न्यूयॉर्कमध्ये कमावण्याचा विचार असेल, तर सुरुवातीलाच न्यूयॉर्क राज्याने मान्य केलेला १००० तासांचा अभ्यासक्रम धरावा असं माझं ठाम मत आहे. वेळ दुप्पट जातो खरा, पण नंतर उरलेले तास जोडून घेणं त्याहून कटकटीचं असतं.

कॅलिफोर्नियाची गोष्ट निराळी. तिथे राज्याचं सक्तीचं लायसन्स नाही. २००८ साली मंजूर झालेल्या कायद्याने कॅलिफोर्निया मसाज थेरपी कौन्सिल नावाची ना-नफा संस्था उभी राहिली आणि २००९ पासून ती प्रमाणपत्र देते. कायद्याने हे प्रमाणपत्र ऐच्छिक आहे. व्यवहारात मात्र अनेक शहरं ते असल्याशिवाय मसाजचा धंदा करू देत नाहीत, आणि चांगल्या नोकऱ्याही त्याच्याशिवाय मिळत नाहीत. २०१४ च्या दुरुस्तीने शहरांना आणि काउंटींना मसाज सेंटरवर नियम घालण्याचे अधिकार पुन्हा मिळाले. त्यामुळे फ्रीमाँटला जे चालतं ते सनीवेलला चालेलच असं नाही. कौन्सिलच्या प्रमाणपत्राला ५०० तास लागतात. त्यातले किमान १०० तास शरीररचना, शरीरक्रिया, मसाज कधी करू नये याचं ज्ञान, स्वच्छता आणि व्यवसायनीती यांना दिलेले असावे लागतात, आणि शाळा कौन्सिलने मान्य केलेली असावी लागते.

मिनेसोटात राज्यपातळीवरचं लायसन्स नसलं तरी शहरांचे परवाने असतात. राज्याचं लायसन्स नाही म्हणजे रान मोकळं, असा अर्थ कुणी काढू नये. सिटी हॉलमध्ये जाऊन किंवा त्यांच्या संकेतस्थळावर ‘मसाज ऑर्डिनन्स’ शोधून तो शेवटपर्यंत वाचावा.

नवऱ्याची किंवा बायकोची नोकरी बदलली की आपली बिऱ्हाडं राज्य बदलतात, म्हणून आणखी एक आकडा मनात ठेवा: ६२५. अनेक राज्यांत एकाच लायसन्सवर काम करता यावं यासाठी ‘इंटरस्टेट मसाज कॉम्पॅक्ट’ नावाचा राज्याराज्यांतला करार आकाराला येतो आहे. नेव्हाडाने २०२३ मध्ये तो सर्वांत आधी स्वीकारला. सात राज्यांनी कायदा केला की करार लागू होतो, असं त्याच्या मसुद्यातच लिहिलं आहे. त्याखालचं बहुराज्य लायसन्स हवं असेल तर ६२५ तासांचं शिक्षण आणि राष्ट्रीय परीक्षा लागते. म्हणून ५०० तासांच्या राज्यात राहत असलात, तरी शाळेत ६२५ किंवा त्याहून जास्त तासांचा पर्याय असेल आणि खिसा परवानगी देत असेल, तर तोच घ्या.

दुसरी पायरी: व्हिसा आणि आपली जुनी पदवी

लायसन्स म्हणजे काम करण्याची परवानगी नव्हे. एच-४ वर, म्हणजे एच-१बी वर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, शिकता येतं, त्याला वेगळा व्हिसा लागत नाही. कमवायला मात्र ईएडी, म्हणजे काम करण्याच्या परवानगीचं कार्ड हवं, आणि एच-४ वाल्यांना ते २०१५ च्या नियमानुसार साधारणपणे जोडीदाराचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर झाल्यावरच मिळतं. ईएडी यायला वेळ असेल तर त्या काळात शिक्षण आणि परीक्षा उरकून ठेवणं हा चांगला बेत आहे. लायसन्सच्या अर्जात काही राज्यं सोशल सिक्युरिटी नंबर मागतात. तुमच्याकडे तो नसेल तर काय करायचं, हे बोर्डाला ईमेलने विचारून लेखी उत्तर घेऊन ठेवा.

आता पदव्या. बीएएमएस झालेल्यांचं मन इथे फार दुखावतं, आणि ते समजण्यासारखं आहे. साडेपाच वर्षांचा अभ्यास, शरीररचनेची शवविच्छेदनासह परीक्षा, आणि इथे पुन्हा ‘हाडांची नावं’ शिकायची? बहुतेक राज्यांत हो, शिकावी लागतात. कारण राज्य ‘मसाज थेरपीच्या मान्य शाळेतले तास’ मोजतं, एकूण विद्वत्ता मोजत नाही. फिजिओथेरपीच्या पदवीचंही तसंच. फिजिओथेरपिस्ट म्हणून लायसन्स मिळवण्याचा रस्ता पूर्ण वेगळा आहे, मोठा आणि खर्चाचा आहे. पण तो शक्य असेल तर तोच धरावा असं मी सांगेन, कारण त्या पदवीचं खरं चीज तिथेच होतं. मसाजचं लायसन्स हा त्या वाटेवर असताना हातखर्च कमावण्याचा मार्ग होऊ शकतो.

जुन्या शिक्षणातले काही तास पदरात पडू शकतात. त्यासाठी विद्यापीठाची गुणपत्रिका, विषयवार तास दाखवणारा अभ्यासक्रम आणि मान्यताप्राप्त संस्थेकडून केलेलं पदवीचं मूल्यमापन लागतं. विषयवार तासांचा कागद हीच खरी मेख आहे. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न कॉलेजातून शिकलेल्यांनी भारतात जाणं होईल तेव्हा कॉलेजकडून प्रत्येक विषयाच्या व्याख्यानांचे आणि प्रात्यक्षिकांचे तास लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी लिहून आणावेत. इथे बसून ईमेलने तो कागद मिळवताना जीव मेटाकुटीला येतो. मग मसाज शाळेला विचारा की या कागदांवर तुम्ही किती तास माफ करता आणि राज्य ते मान्य करतं का. उत्तर तोंडी घेऊ नका.

केरळ किंवा पुण्यातल्या पंचकर्म केंद्रातलं दोन-तीन महिन्यांचं प्रमाणपत्र लायसन्ससाठी सहसा उपयोगी पडत नाही. लायसन्स मिळाल्यावर मात्र तीच तुमची वेगळी ओळख ठरते, म्हणून ते जपून ठेवा.

तिसरी पायरी: शाळा

शाळा निवडताना जाहिरात बघू नका, राज्याची यादी बघा. बहुतेक राज्यांची बोर्डं मान्य शाळांची यादी संकेतस्थळावर ठेवतात. ज्या शाळेचं नाव त्या यादीत नाही तिथे पाऊलही टाकू नये. पैसे घेऊन न शिकवताच तासांचे दाखले देणाऱ्या शाळा या देशात पकडल्या गेल्या आहेत. अशी शाळा बंद पडली की तिथल्या प्रामाणिक विद्यार्थ्यांचे तासही संशयाच्या भोवऱ्यात जातात. ‘तीन आठवड्यांत सर्टिफाइड व्हा’ असं म्हणणारे पूर्ण ऑनलाइन कोर्स लायसन्ससाठी निरुपयोगी आहेत. हाताचं काम पडद्यावर शिकता येत नाही, आणि राज्यही ते मान्य करत नाही.

अभ्यासक्रमात काय असतं याचा अंदाज यावा म्हणून टेक्सासचे ५०० तास उलगडून दाखवते. मसाजची तंत्रं २०० तास, त्यातले किमान १२५ स्वीडिश मसाजचे. शरीररचना ५०, शरीरक्रिया २५, हालचालींचं शास्त्र ५०, रोगविचार ४०, पाण्याने करायचे उपचार २०, राज्याचे कायदे, व्यवसाय आणि नीती ४५, आरोग्य, स्वच्छता, प्रथमोपचार आणि सीपीआर २०, आणि शाळेच्या क्लिनिकमध्ये प्रत्यक्ष ग्राहकांवर ५० तासांचं काम. नुसतं चोळायला शिकवत असतील असं समजून जाणाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात धक्का बसतो. ५०० पैकी निम्म्याहून जास्त तास तंत्राबाहेरचे आहेत, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

का, ते बाळंतिणीच्या उदाहरणानेच सांगते. बाळंतपणानंतर पहिले काही आठवडे रक्तात गाठ होण्याचा धोका नेहमीपेक्षा जास्त असतो. एका पायाची पोटरी दुखते, सुजली आहे, गरम लागते, लाल दिसते. आपल्याकडची समजूत अशी की पाय भरून आलेत, जरा रगडून द्या. नेमकं तेच करायचं नसतं. गाठ सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. शिकलेली थेरपिस्ट त्या पायाला हात लावत नाही आणि बाळंतिणीला लगेच डॉक्टरांकडे धाडते. सिझेरियन झालेल्या पोटावर डॉक्टरांच्या होकाराशिवाय हात फिरवायचा नाही, ताप असताना मालीश करायची नाही, तिळाचं तेल लावण्याआधी तिळाची ॲलर्जी विचारायची. अमेरिकेत ती इतकी आढळते की २०२३ पासून खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर तिळाचा उल्लेख सक्तीचा झाला आहे. आजीच्या हातातलं कसब खरं आहे. त्याच्या जोडीला हे ज्ञान आलं की ते कसब सुरक्षित होतं.

खर्च साधारण ६,००० ते १५,००० डॉलरच्या घरात जातो. सरकारी कम्युनिटी कॉलेजात तो कमी असतो, खासगी शाळेत जास्त. शाळेला भेट देताना एवढं विचारून घ्या: फीमध्ये टेबल, तेलं, चादरी, पुस्तकं धरली आहेत का? एखादा दिवस बुडाला तर ते तास कसे भरून काढायचे? पहिल्याच प्रयत्नात राष्ट्रीय परीक्षा पास होणाऱ्यांचं प्रमाण किती? संध्याकाळची किंवा शनिवार-रविवारची तुकडी आहे का? आणि शाळा सोडली तर किती पैसे परत मिळतात? मुलं शाळेत जाणारी असतील तर सकाळची तुकडी बरी पडते. पूर्णवेळ शिकलात तर ५०० तास पाच-सहा महिन्यांत होतात, अर्धवेळ गेलात तर वर्ष लागतं. तास हजेरीवर मोजले जातात, त्यामुळे डिसेंबरात भारतवारी ठरली असेल तर प्रवेशाआधीच शाळेला सांगा.

एक अडचण कुणी बोलून दाखवत नाही. वर्गात एकमेकांवर सराव करावा लागतो. कपडे उतरवून, चादरीखाली, अनोळखी सहाध्याय्यांसमोर. पहिल्यांदा फार अवघडल्यासारखं होतं. पण चादर कशी घ्यायची, जेवढा भाग चोळायचा तेवढाच कसा उघडायचा, हेच तिथे पहिलं शिकवतात. ग्राहकाची लाज कशी राखायची हे आपण टेबलावर झोपल्यावरच नीट कळतं. काही अडचण असेल तर शिक्षकांना आधीच सांगावं, चांगल्या शाळा मान ठेवतात.

चौथी पायरी: एमबीएलएक्स परीक्षा

राज्यांच्या मसाज बोर्डांचा महासंघ २००५ साली स्थापन झाला आणि त्याने २००७ मध्ये एमबीएलएक्स, म्हणजे वर जिला राष्ट्रीय परीक्षा म्हटलं ती, सुरू केली. आज बहुतेक राज्यं लायसन्ससाठी हीच परीक्षा धरतात. तुमच्या राज्यात कुठली चालते ते बोर्डाच्या पानावर बघून मगच फी भरा. १०० प्रश्न, ११० मिनिटं, सगळे बहुपर्यायी, फी २६५ डॉलर. परीक्षा केंद्रावर संगणकासमोर बसून द्यायची. भाषा इंग्रजी किंवा स्पॅनिश. नापास झालात तर ३० दिवस थांबून आणि पुन्हा फी भरून बसता येतं.

ही परीक्षा तुमच्या उत्तरांप्रमाणे पुढचा प्रश्न निवडते. म्हणून एकदा उत्तर दिलं की मागे जाता येत नाही. आपल्याकडच्या सवयीप्रमाणे ‘अवघड ते शेवटी बघू’ इथे चालत नाही. प्रश्न कठीण होत चालले तर घाबरू नका, बहुधा तुमची उत्तरं बरोबर येत आहेत.

कशावर किती भर आहे ते बघा. ग्राहकाची तपासणी आणि सत्राची आखणी १७ टक्के, नीती, मर्यादा आणि कायदे १६, मसाजचे फायदे आणि शरीरावरचे परिणाम १५, व्यवसायाची शिस्त, स्वच्छता आणि सुरक्षितता १५, रोग आणि मसाज कधी करू नये ते १४, हालचालींचं शास्त्र १२, शरीररचना आणि शरीरक्रिया ११. आपली हुशार मंडळी ज्यावर रात्री जागवतात ती शरीररचना सर्वांत कमी गुणांची आहे! बीएएमएस आणि फिजिओ झालेले अडखळतात ते नीतीच्या प्रश्नांवर. ‘ग्राहकाने भेटवस्तू दिली तर काय कराल’, ‘ग्राहकाने औषधाबद्दल सल्ला मागितला तर काय म्हणाल’. मनातला वैद्य उत्तर द्यायला धावतो. परीक्षेला मात्र मसाज थेरपिस्टचं उत्तर हवं असतं: निदान करायचं नाही, औषध सुचवायचं नाही, योग्य माणसाकडे पाठवायचं. या प्रश्नांचा सराव जास्त करा.

टेक्सासमध्ये याशिवाय राज्याच्या कायद्यावरची वेगळी ऑनलाइन परीक्षा असते. ती सोपी असते, पण द्यावी लागतेच.

पाचवी पायरी: अर्ज, बोटांचे ठसे आणि आपली नावं

अर्ज ऑनलाइन असतो. शाळा गुणपत्रिका परस्पर बोर्डाकडे पाठवते, परीक्षेचा निकालही महासंघाकडून परस्पर जातो. तुम्ही फी भरता, वयाचा आणि ओळखीचा पुरावा देता, आणि बहुतेक राज्यांत बोटांचे ठसे देता. ठशांवरून राज्याच्या आणि एफबीआयच्या नोंदी तपासतात. जुना गुन्हा, अगदी दारू पिऊन गाडी चालवल्याचासुद्धा, लपवू नका. तो असल्याने लायसन्स नाकारलंच जाईल असं नाही, पण लपवल्याचं उघड झालं तर मात्र वाईट.

मराठी अर्जदारांचं घोडं सर्वाधिक अडतं ते नावावर. पदवीवर माहेरचं नाव, मधलं नाव वडिलांचं, पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि मधलं नाव नवऱ्याचं, ड्रायव्हिंग लायसन्सवर मधलं नाव गाळलेलं. बोर्डातल्या माणसाला या तीन वेगळ्या बायका वाटतात. शाळेत प्रवेश घेतानाच पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं लिहा. परीक्षेच्या नोंदणीत, ठसे देताना आणि राज्याच्या अर्जात तेच नाव अक्षराअक्षराने ठेवा. विवाह नोंदणीचा दाखला मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर तयार ठेवा. परीक्षा केंद्रावर ओळखपत्राशी नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत आणि फीही जाते.

अर्ज दिल्यावर काही आठवडे लागतात. या काळात ‘आता होणारच आहे’ म्हणून काम सुरू करू नका. लायसन्सचा क्रमांक हातात आला की मगच पहिला ग्राहक.

सहावी पायरी: काम कुठे आणि कसं

पहिली एक-दोन वर्षं नोकरी करावी, असं मला वाटतं. कायरोप्रॅक्टरचं, म्हणजे हाताने मणक्यांवर उपचार करणाऱ्याचं क्लिनिक, स्पा, हॉटेल. वेग येतो, कागदपत्रांची शिस्त लागते, आणि अंगठे-मनगटं सांभाळून दिवसाला किती सत्रं झेपतात ते कळतं.

स्वतःचं सुरू करायचं तर जागेचाही परवाना बघावा लागतो. फ्लोरिडात मसाजच्या जागेचं स्वतंत्र लायसन्स लागतं आणि मध्यरात्रीपासून पहाटे ५ पर्यंत ती चालवता येत नाही. टेक्सासमध्येही जागेचं लायसन्स आहे, एकट्याने काम करणाऱ्यांना काही अटींवर सूट मिळते. न्यू जर्सीत थेरपिस्ट नोकरीला ठेवणाऱ्यांनी नोंदणी करायची असते. घरातून करायचं असेल तर शहराचे झोनिंगचे नियम आणि सोसायटीचे, म्हणजे एचओएचे, नियम आधी वाचा. ग्राहकाच्या घरी जाऊन करायचं असेल तरी तुमचं स्वतःचं लायसन्स लागतंच. बाळ-बाळंतिणीच्या कामाला बहुतेकींना हीच पद्धत सोयीची पडते.

विमा घ्याच. मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यात तो सक्तीचा आहे, इतरत्र नसला तरी घ्या. अमेरिकन मसाज थेरपी असोसिएशन आणि एबीएमपी या दोन मोठ्या संघटनांच्या सभासदत्वातच व्यावसायिक विमा येतो.

प्रत्येक ग्राहकाची लेखी माहिती घ्या: आजार, औषधं, शस्त्रक्रिया, ॲलर्जी, गरोदरपण. टेक्सासमध्ये पहिल्या सत्राआधी सल्लामसलतीचा कागद सही करून घ्यावाच लागतो. कुठलं तंत्र वापरणार, शरीराचे कुठले भाग, चादर कशी असेल, अस्वस्थ वाटलं तर थांबवण्याचा ग्राहकाचा हक्क, हे सगळं त्यात असतं. ही पद्धत इतकी चांगली आहे की राज्य कुठलंही असो, मी ती पाळायला सांगेन. आपल्या ओळखीतलीच माणसं ग्राहक असली की कागद पुढे करायला संकोच वाटतो. ओळख आहे म्हणून तर कागद हवाच.

अभ्यंगाची जाहिरात करताना ‘मधुमेह बरा होतो’, ‘थायरॉइडवर उपाय’ असं लिहू नका. नाडी बघून निदान सांगणं, औषध देणं, बस्ती किंवा वमन करणं हे मसाजच्या लायसन्सखाली येत नाही. कॅलिफोर्नियात २००३ पासून एका कायद्याखाली लायसन्स नसलेल्या पारंपरिक उपचारकांना मर्यादित मोकळीक आहे. आपण राज्याचे परवानाधारक डॉक्टर नाही, आपलं शिक्षण काय आणि उपचार कसा, हे ग्राहकाला लेखी सांगून सही घ्यायची आणि तो कागद तीन वर्षं जपायचा. मिनेसोटातही ग्राहकाच्या हक्कांचं पत्रक देण्याचा असाच नियम आहे. शस्त्रक्रिया, क्ष-किरण, डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं बंद करायला सांगणं असल्या गोष्टी या मोकळिकीत बसत नाहीत, आणि शहराच्या मसाज नियमांतून ती सुटकाही देत नाही.

ज्यांना लायसन्सची पूर्ण वाट झेपणार नाही अशा अनुभवी बायकांसाठी एक कायदेशीर मार्ग आहे: बाळाच्या मालिशीचं शिक्षण देणं. ‘इन्फंट मसाज यूएसए’सारख्या संस्था त्यासाठी थोड्या दिवसांचं प्रशिक्षण देतात. त्यात तुम्ही बाहुलीवर दाखवता आणि आईबाबा आपल्या बाळाला स्वतः मालीश करतात. परक्या अंगाला तुमचा हात लागत नाही. तरी राज्याचे नियम एकदा तपासा, आणि पैसे घेणार असाल तर काम करण्याची परवानगी हवीच.

नूतनीकरण, आणि ग्राहक म्हणून काय बघायचं

लायसन्स कायमचं नसतं. टेक्सासमध्ये दर दोन वर्षांनी १२ तासांचं पुढचं शिक्षण दाखवावं लागतं, न्यू जर्सीत २०, फ्लोरिडा आणि पेनसिल्व्हेनियात २४. न्यूयॉर्कमध्ये तीन वर्षांत ३६. तारीख चुकली तर दंड बसतो, आणि मुदत संपल्यावर केलेलं काम विनालायसन्स ठरतं. पत्ता बदलला की बोर्डाला लगेच कळवा, कारण नूतनीकरणाची सूचना जुन्या पत्त्यावर जाते आणि तुम्हाला पत्ताच नसतो. राज्य सोडणार असाल तर जुनं लायसन्स चालू असतानाच नव्या राज्यात अर्ज करा. बंद पडलेल्या लायसन्सवर बदली मागणं अवघड जातं.

मालीश करून घेणाऱ्यांनीही नाव आणि क्रमांक विचारावा. लायसन्स देणाऱ्या राज्यांच्या संकेतस्थळावर ‘लायसन्स लुकअप’ असतो, मिनिटभराचं काम आहे. कुणावर शिस्तभंगाची कारवाई झाली असेल तर तीही तिथे दिसते. मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटात ‘मालिशीला कुणी आहे का’ असा निरोप आला की नावासोबत लायसन्स क्रमांकही द्यायचा, एवढा रिवाज पडला तरी रीतसर शिकलेल्या बायकांना त्यांचं रास्त मोल मिळू लागेल.

हे नियम इतके कडक का, याचं एक कारण दुःखद आहे. मसाजच्या पाटीआड माणसांची तस्करी चालते, आणि त्यात अडकलेल्या बहुतेक बायका परदेशातून आलेल्या असतात. म्हणून अनेक राज्यांनी तस्करी ओळखण्याचं प्रशिक्षण आणि मदतीच्या क्रमांकाची पाटी सक्तीची केली आहे. कुठल्या सेंटरमध्ये काम करणाऱ्या बाईचा पासपोर्ट मालकाने ठेवून घेतलेला आढळला, ती तिथेच झोपते, एकटीने बाहेर पडत नाही असं दिसलं, तर १-८८८-३७३-७८८८ या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करा किंवा २३३७३३ वर मेसेज पाठवा. हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, आणि फोन करणाऱ्याने नाव सांगायलाच हवं असं नाही.